पाहुण्या दांड्या

दांडीबाईनं नोकरीच्या सतरा वर्षांत एकदाही दांडी मारली नव्हती. तरी ऑफिसात सगळे तिला दांडीबाईच म्हणत, कारण तिचं कामच दांड्या मोजायचं होतं. मोबाइलच्या वरच्या कोपऱ्यात रेंजच्या दांड्या दिसतात ना, एक, दोन, फार तर पाच, त्याच. कुठल्या गावात कुठल्या कंपनीच्या किती दांड्या येतात हे फिरून बघायचं, लिहून आणायचं, आणि त्यावरून वर्षाला एक पुस्तिका निघायची. सिमकार्ड कुणाचं घ्यावं ते लोक ती चाळून ठरवायचे. कंपन्यांच्या जाहिरातींवर विसंबायचं म्हटलं तर त्यांची रेंज विहिरीच्या तळालासुद्धा पोचते. म्हणून हा सगळा खटाटोप.

गाडी ऑफिसची, चालवणारी तीच. समोरच्या काचेखाली एक लाकडी फळी आणि तिच्यावर चार कंपन्यांचे चार फोन ओळीनं उभे. लोक कंपन्यांना रंगांवरूनच ओळखत: निळी, लाल, पांढरी आणि जांभळी. खडबडीत रस्त्यावर फोन उडू नयेत म्हणून प्रत्येकाला वरून आणि खालून रबरबँड आवळलेलं. दर दोन किलोमीटरला गाडी बाजूला घ्यायची, चौघांकडे बघायचं आणि वहीत आकडे टाकायचे. गाडीतलं यंत्र आपलं आपण नोंद घेत असेच, पण साहेबांचा यंत्रापेक्षा दांडीबाईच्या डोळ्यांवर भरवसा जास्त. पुस्तिका छापली जायची ती वहीवरून. यंत्राची नोंद कपाटात धूळ खात पडायची.

या कामात एकच भानगड होती, रोमिंगची. आपल्या कंपनीचा टॉवर जवळ नसला की फोन गुपचूप दुसऱ्याच्या टॉवरला जाऊन चिकटतो. दांड्या दिसतात पाच, पण त्या आपल्या नसतात. पडद्यावर बारीकसा इंग्रजी आर उमटतो, तेवढीच खूण. ऑफिसात अशा दांड्यांना ‘पाहुण्या दांड्या’ म्हणत. ऑफिसच्या सिमकार्डांना सगळीकडे रोमिंगची मुभा होती, त्यामुळे ती कुणाच्याही दारात जाऊन बसत. साध्या गिऱ्हाइकाच्या कार्डाला ते जमत नाही. म्हणून पाहुण्या दांड्या मोजायच्या नाहीत, हा पहिल्या दिवसाचा धडा. नव्या माणसांना तो शिकवायचीही दांडीबाईच.

तर त्या बुधवारी सकाळी साहेब एक पत्र हातात नाचवत तिच्या टेबलाशी आले.

“तुमच्या माहेराहून आलंय,” ते म्हणाले. “वाचा आणि लाजा.”

पत्र डोंगरापलीकडच्या खोऱ्यातल्या एका किराणा दुकानदाराचं होतं. अक्षर मोठं, राग त्याहून मोठा. तुमच्या पुस्तिकेत आमच्या खोऱ्याला जांभळीच्या पाच दांड्या दिल्या आहेत. तुमचं वाचून निम्म्या खोऱ्यानं जांभळी घेतली. इथं पाच सोडा, अर्धी दांडी दिसत नाही. तुम्ही नक्की कुठल्या खोऱ्यात मोजत होतात ते कळवावं.

दांडीबाई हसली. “साहेब, ते खोरं मी स्वतः मोजलंय. माझी आई राहते तिथं. दारात गाडी उभी करून पाच दांड्या बघितल्यात मी. त्याच भरवशावर आईला बटण घेऊन दिलं.”

हे बटण म्हणजे गळ्यात अडकवायची सुपारीएवढी डबी. आत जांभळीचं सिमकार्ड. म्हातारं माणूस पडलं, झडलं, की दाबायचं. दाबलं की दांडीबाईचा फोन वाजणार. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी, अधूनमधून चक्कर यायची, आणि शहरात येऊन राहा म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या. शेवटी या बटणावर तडजोड झाली होती. “मरताना दाबीन,” आई म्हणाली होती, “उगीच येताजाता तुला त्रास नको.”

“मग दुकानदार खोटं बोलतोय?” साहेबांनी विचारलं.

“फोन खराब असेल त्याचा. बटण बसवलं त्या दिवशी मी आईच्या स्वयंपाकघरात दाबून बघितलं होतं. माझ्या पिशवीत ऑफिसचा फोन वाजला. कानांनी ऐकलंय.”

“तरी एकदा यंत्राची नोंद बघा. उत्तर तर द्यावं लागेल.”

तिनं कपाटातून मागच्या वर्षीची नोंद काढली, संगणकावर उघडली आणि खोऱ्यापर्यंत सरकवत नेली. जांभळीच्या रकान्यात पाच, पाच, चार, पाच. तिनं विजयी मुद्रेनं साहेबांकडे बघितलं. आणि मग तिची नजर शेजारच्या रकान्याकडे गेली, जिथं टॉवर कुणाचा आहे त्याचा आकडा असतो.

तो आकडा जांभळीचा नव्हता. या देशातल्या कुठल्याच कंपनीचा नव्हता. खोऱ्याच्या पलीकडची डोंगराची धार ओलांडली की दुसरा देश लागतो. तिथल्या टॉवरचा तो आकडा होता. बेचाळीस किलोमीटर, वरपासून खालपर्यंत, तोच.

एकही दांडी आपली नव्हती, सगळ्या पाहुण्या होत्या. पण मग आर कसा दिसला नाही? आणि बटण? बटण तर वाजलं होतं.

तिनं ड्रॉवर उपसला. बटणाचे कागद तळाशी सापडले. तिसऱ्या पानावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: पहिले तीस दिवस रोमिंग मोफत.

बटण बसवून अकरा महिने झाले होते.

म्हणजे त्या दिवशी वाजलं ते पाहुणचारावर वाजलं. महिना संपला आणि दार बंद झालं. गेले दहा महिने आईच्या गळ्यात नुसतं प्लास्टिक लोंबकळत होतं. आणि आई निर्धास्त होती, कारण दांडीबाई तिला म्हणाली होती, आता काही झालं तर मी आहे.

तिनं बटणाचा नंबर लावला. आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे, असं एक बाई फार गोड आवाजात म्हणाली. दांडीबाईला तिचा गळा दाबावासा वाटला.

मग तिनं आईच्या घरचा तारेचा फोन लावला. या फोनवर दोघी दर रविवारी बोलत. रिंग वाजली. वाजत राहिली. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, सातव्यांदा. सकाळचे साडेनऊ, या वेळी आई शिलाई मशीनवर बसलेली असते आणि फोन मशीनच्या डोक्यावरच्या फळीवर. हात लांबवला की पोचतो.

“शेजारी कुणी?” साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

“सुतारकाका आहेत. पण त्यांचा मोबाइल जांभळीचा आहे. मीच घ्यायला लावला.”

तालुक्याच्या दवाखान्यात फोन लागला, पण त्यांची गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती, संध्याकाळपर्यंत यायची नव्हती. साहेबांनी गाडीची किल्ली तिच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, “मी इथून रिंग देत राहतो. तुम्ही निघा.”

खोरं तीन तासांवर. दांडीबाई गाडी जपून चालवणारी बाई, पण त्या दिवशी तिचा पाय ऐकेना. रविवारी आई बोलली होती. म्हणजे रविवारी होती. सोमवार, मंगळवार आणि आजचा बुधवार, एवढाच काय तो धोका, असं ती स्वतःला समजावत होती. पण भीतीला हिशेब कळत नाही. घराच्या मागच्या दाराला दगडी पायऱ्या होत्या, अकरा. खाली कपडे वाळत घालायची दोरी. पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. दर वेळी ती म्हणायची, आई, पुढच्या अंगणात वाळत घाल. आणि आई म्हणायची, पुढे ऊन कुठं येतं बाई. आता तिला डोळ्यांपुढे त्या पायऱ्याच दिसत होत्या. आई खाली पडली आहे, बटण दाबते आहे, आणि वाट बघते आहे. पुन्हा दाबते आहे. लेक येईल म्हणून रस्त्याकडे कान लावून आहे. किती तास? की दिवस?

“नको गं,” ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. “आई, असं नको करूस.”

घाट सुरू झाला. फळीवरच्या निळीच्या दांड्या तीनवर आल्या, दोनवर, एकावर, आणि गेल्या. लालनं पुढच्या वळणावर मान टाकली. पांढरी मुळातच रोगट, ती कधी गेली तेही कळलं नाही. सतरा वर्षं दांडीबाईनं हेच बघितलं होतं आणि वहीत शून्य लिहून पुढं गेली होती. त्या शून्यात माणसं राहतात, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण आज त्या शून्यात तिची आई होती.

खिंड ओलांडून गाडी खोऱ्यात उतरली, आणि जांभळीच्या फोनवर पाच दांड्या ताठ उभ्या राहिल्या.

तिनं करकचून ब्रेक लावला. दांड्या पाच, मोजून घ्या. बाजूला आर नव्हता. एक क्षण तिला वाटलं, यंत्रच चुकलं. देवा, यंत्रच चुकलेलं असू दे. तिनं फोन फळीवरून सोडवायला हात घातला, वरचं रबरबँड काढलं, आणि रबरबँडाच्या खालून आर निघाला.

एवढासा. अगदी कोपऱ्यात. बाकी तिन्ही फोन जुने, त्यांची खूण मधोमध यायची. जांभळीचा फोन त्या वर्षी नवा आणला होता. त्याची खूण कडेला, नेमकी रबरबँडाच्या पट्ट्याखाली. रबरबँड तिनंच आवळलं होतं. फोन हलू नये म्हणून, काम चोख व्हावं म्हणून.

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट होती, ती तिला तिथं रस्त्याच्या कडेला कबूल करावी लागली. दुसरं कुठलं खोरं असतं आणि उजाड डोंगरात एकदम पाच दांड्या दिसल्या असत्या, तर तिला शंका आली असती. गाडीतून उतरून तिनं फोन हातात घेऊन बघितला असता. पण हे आईचं खोरं होतं. पाच दांड्या दिसाव्यात अशी तिची इच्छा होती. दिसल्या तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिनं पुढं बघितलंच नाही.

त्या पाहुण्या दांड्यांवरून तिनं पुन्हा घरी फोन लावला. तिचा फोन लागत होता, हीच तर चीड होती. डोंगरापलीकडच्या देशात जाऊन रिंग परत येत होती आणि आईच्या घरात वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.

शेवटचे अकरा किलोमीटर तिनं कसे कापले ते तिला नंतर आठवेना. फाटक उघडंच होतं. पुढचं दार नुसतं लोटलेलं.

“आई?”

आत गारठा होता. चूल थंड. ओट्यावर एक कप पालथा घातलेला, एकच. मशीनवर झाकण, आणि झाकणावर धूळ. आईच्या मशीनवर धूळ कधी बसत नसे. आई रोज शिवायची, काम नसलं तर जुन्या चादरी उसवून शिवायची. ही तीन दिवसांची धूळ नव्हती. तिनं बोटानं रेघ ओढली, रेघ चांगली ठसठशीत उठली.

ती मागच्या दाराशी गेली. कडी काढली. पायऱ्या ओल्या होत्या, रिकाम्या होत्या. कडेनं कुणीतरी नवा जाडजूड लाकडी कठडा ठोकला होता, आणि सातव्या पायरीवर शेवाळ खरवडलेला एक लांब पट्टा होता. वरून खालपर्यंत, घसरत गेल्यासारखा.

“आई!” ती ओरडली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

शेजारच्या आवारात करवतीचा आवाज चालला होता तो थांबला.

“कोण ते?” एक बारीक आवाज म्हणाला. “काका, बघा बरं कोण ओरडतंय.”

दांडीबाई कुंपणातल्या फटीतून घुसली, बाही फाटली तेही तिला कळलं नाही. सुतारकाकांच्या कारखान्यात, भुशाच्या ढिगाशेजारी, गादी घातलेल्या खुर्चीत आई बसली होती. जिवंत. अंगावर शाल. डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळावर पिवळा पडत चाललेला डाग. आणि गळ्यात ते बटण.

दांडीबाई धावत जाऊन तिच्या खुर्चीपाशी खाली बसली.

सुतारकाकांनी करवत भिंतीला टेकवली. जन्मापासून तिला ‘आलीस का गं’ म्हणणारा माणूस. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, “आलात का बाई. या.”

ते ‘आलात’ तिला मुस्काटात मारल्यासारखं लागलं.

“अगंबाई, तू कशी आज?” आई म्हणाली. “बुधवारी? कामावर नाही गेलीस?”

“कधी पडलीस?”

आईनं काकांकडे बघितलं. काका भुसा पायानं सारत राहिले.

“झाले तीन आठवडे,” आई म्हणाली. “गुरुवारी. सकाळी कपडे वाळत घालायला गेले आणि पाय सटकला. तू सांगतच होतीस म्हणा. एवढं काही नाही, मनगट मोडलंय. डॉक्टर म्हणाले दिवसा एकटीनं राहू नका, म्हणून इथं येऊन बसते. यांना माझी बडबड ऐकावी लागते, दुसरं काय.”

“तीन आठवडे? मधे तीन रविवार बोललो आपण. सांगितलं का नाहीस?”

“कशाला सांगायचं.”

“दुपारी बारा वाजता सापडल्या,” काका एकदम म्हणाले. “सातला पडल्या होत्या. पाच तास त्या पायरीवर. मी दोरा मागायला गेलो म्हणून, नाहीतर…” त्यांनी हातातलं फडकं झटकलं. “दवाखान्यातून तुम्हाला फोन लावत होतो. यांनी शपथ घातली, लावायचा नाही म्हणून.”

“आई, का?”

आई शालीच्या टोकाशी चाळा करायला लागली. उजव्या हातानं, कारण डावा चालत नव्हता.

“बटण दाबलं होतं की मी,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. “आधी पाचसहा वेळा दाबलं. मग म्हटलं, गाडी चालवत असशील, जरा थांबून दाबावं. मग परत दाबलं. मग म्हटलं, कामात असेल, बघितलं असेल तिनं, जमेल तशी येईल. मग नाही दाबलं. सारखं सारखं दाबणं बरं दिसत नाही.”



“मग रविवारी तुला विचारलं मी, कामं फार आहेत का गं. तू म्हणालीस, आई, मान वर करायला फुरसत नाही. मग म्हटलं, जाऊ दे. आपणच उगाच दाबलं. इतकी कामं असतात माणसाला.”

“आई, ते वाजलंच नाही.”

“काय?”

“बटण. वाजलंच नाही माझ्याकडे. ते बंद आहे, दहा महिने. इथं रेंजच नाही त्याला. मी मोजायला चुकले. दांड्या पलीकडच्या होत्या, मी आपल्या समजले. मला आज सकाळी कळलं. चूक माझी आहे, आई, सगळी माझी. सगळ्या खोऱ्याला मी जांभळी घ्यायला लावली आणि तुला तिथं पाच तास…”

आई तिच्याकडे बघत होती, एखादं कठीण वाक्य पुन्हा वाचावं तसं.

“म्हणजे तुला ऐकूच आलं नाही?”

“नाही गं.”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही. आलं असतं तर मी…”

“थांब,” आई म्हणाली. तिनं डोळे मिटले. तीन आठवडे कानापर्यंत ओढून धरलेले तिचे खांदे हळूहळू खाली आले, आणि सावकाश, नीट श्वास सोडून ती काकांना म्हणाली, “ऐकलंत ना? मी म्हणत नव्हते तुम्हाला? माझी पोरगी तसली नाही.”

काकांनी मान हलवली. “त्या डबीतही जांभळीचंच कार्ड आहे हे आम्हाला कुठं ठाऊक,” असं म्हणून ते बाहेर गेले.

आई रडायला लागली. मनगट मोडलं तेव्हा ती रडली नव्हती, पाच तास गार दगडावर पडली होती तेव्हाही नाही, हे काकांनी दांडीबाईला नंतर सांगितलं. आता मात्र तिला थांबवता येईना. रडता रडता ती लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि म्हणत राहिली, “बरं झालं बाई. वाजलंच नाही ना, फार बरं झालं.”

चूक कबूल केल्यावर दांडीबाई बोलणी खायची तयारी करून बसली होती. आई रागाचा एक शब्द बोलली नाही, आणि तिनं रागवावं म्हणून दांडीबाई तिच्या मांडीत डोकं खुपसून किती तरी वेळ तशीच बसून राहिली.